क्लच न दाबता गिअर: येझदीच्या पायापासून क्विकशिफ्टरपर्यंत

गोव्यातल्या साखळी गावाहून आलेली विचारणा थोडक्यात अशी. घरात वडिलांची जुनी येझदी 250 आहे आणि मुलाची यामाहा आर15 व्ही3. येझदीत पायाने गिअर दाबला की क्लच आपोआप सुटायला हवा, पण हल्ली गिअर पडताना कधी कडाडतो, तर कधी चढावर गाडी न ओढता इंजिन नुसतं ओरडतं. आर15ला बाहेरचा क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर टाकू देणारं यंत्र, बसवायचा विचार आहे. आणि घरातले थोरले म्हणतात, कुठल्याही बाईकचा गिअर क्लचशिवाय पडतो, मग एवढा खटाटोप कशाला?

थोरल्यांचं अर्धं बरोबर आहे. आधी ते अर्धं बघू, म्हणजे उरलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सोपी होतील.

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समधली दातेरी चाकं एकमेकांत कायम अडकलेलीच असतात. गिअर बदलताना त्यांचे दाते सुटत नाहीत. बदलतं ते एवढंच की एक चाक शाफ्टवर आडवं सरकतं आणि त्याच्या कुशीला असलेले जाड खुंट शेजारच्या चाकाच्या खाचांत शिरतात. या खुंटांना डॉग म्हणतात. चाक सरकवतो तो फोर्क, आणि फोर्कला हलवतो तो खाचा कोरलेला ड्रम. तुमचा पाय फक्त ड्रम एक घर फिरवतो.

इंजिन ओढत असताना डॉगची एक बाजू खाचेच्या भिंतीवर दाबून बसलेली असते. त्या दाबामुळे ते चाक आडवं सरकायला तयार नसतं, पायाने कितीही जोर लावा. दाब क्षणभर गेला की तेच चाक बोटाने ढकलावं इतकं सहज सरकतं. क्लच हा दाब काढायचा एक मार्ग. रेस झटकन सोडणं हा दुसरा. इंजिनची ठिणगी किंवा पेट्रोल क्षणभर तोडणं हा तिसरा. ‘क्लचलेस’ म्हणून जी जी यंत्रणा समोर येईल, तिला एकच प्रश्न विचारायचा: डॉगवरचा जोर कोण काढतंय, आणि पाय दाबल्यावर नेमका केव्हा?

थोरल्यांचं उरलेलं अर्धं इथे चुकतं. जोर निघाला तरी नव्या गिअरचे खुंट आणि खाचा वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. एक उदाहरण घ्या. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर 1.875 आणि तिसऱ्याचं 1.364 असेल, तर 8000 आरपीएमला गिअर बदलल्यावर इंजिनला साधारण 5820वर यावं लागतं. पाचव्यातून सहाव्यात, म्हणजे 0.957 वरून 0.840 वर जाताना, तेच 8000 फक्त 7020च्या आसपास उतरतात. म्हणून वरचे गिअर क्लचशिवाय लोण्यासारखे पडतात आणि पहिला-दुसरा कडकड करतो. त्यात पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल बसलेलं, म्हणजे ड्रमला प्रवास जास्त. पहिल्याचा दुसरा करताना क्लच दाबायचाच, मग गाडी कुठलीही असो. अपवाद फक्त ज्या गाडीत यंत्रणाच त्यासाठी बांधलेली आहे तिचा.

येझदी

येझदीचं ‘ऑटो क्लच’ हे मूळ चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीचं देणं. 1946च्या जावा 250 पेराकपासून ही युक्ती आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961पासून ती इथे आणली आणि 1996ला कारखाना बंद होईपर्यंत ठेवली. 2018 नंतर नव्याने आलेल्या जावा आणि 2022च्या येझदी गाड्यांत ती नाही, त्यांचा क्लच चारचौघांसारखा हाताचा.

युक्ती साधी आहे. डावीकडचा एकच दांडा गिअरचाही आणि किकचाही. आत दाबून वर फिरवला की किक, सोडला की गिअर. गिअरचा शाफ्ट इंजिनातून आरपार उजवीकडे जातो आणि त्याच्या टोकाला एक कॅम आहे. दांडा वर किंवा खाली, कुठेही हलला तरी कॅम क्लच उचलणाऱ्या पट्टीला ढकलतो, पट्टी पुशरॉडला, म्हणजे क्लचपर्यंत जाणाऱ्या सळईला, ढकलते, आणि डावीकडचा क्लच सुटतो. हाताची क्लच वायरही शेवटी त्याच पट्टीला ओढते. म्हणजे क्लच एक, त्याला सोडणारे मालक दोन: डावा हात आणि डावा पाय. तुमच्या दोन्ही तक्रारी या एका वाक्यात आहेत.

गिअर कडाडतो, म्हणजे पायाचा कॅम क्लच उशिरा किंवा अर्धाच उचलतो. चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच पूर्ण बसत नाही, कुणीतरी पट्टीला सतत थोडं ढकलून धरलंय. दोन्ही एकाच गाडीत आलटून-पालटून दिसत असतील, तर बहुतेक वेळा कुणीतरी एक तक्रार घालवायला सेटिंग फिरवलंय आणि दुसरी ओढवून घेतलीय.

आधी तपासणी. इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर, दुसऱ्या गिअरमध्ये. मागचं चाक हाताने पुढे फिरवा, कॉम्प्रेशनचा अडथळा लागेल. आता दुसऱ्या माणसाला गिअरचा दांडा हाताने हळूहळू वर उचलायला सांगा आणि तुम्ही चाक फिरवत राहा. दांडा हलू लागल्यावर थोड्याच प्रवासात चाक मोकळं व्हायला हवं. तिसरा पडल्यावर दांडा तसाच वर धरून ठेवला, तर चाक मोकळंच राहायला हवं. दांडा सोडला की अडथळा परत यायला हवा. चाक मोकळं व्हायच्या आधीच ‘टक’ करून गिअर सरकला तर कॅम उशिरा लागतोय. दांडा सोडूनही अडथळा ढिला वाटला तर क्लच अर्धवट सुटलेला आहे.

आता उजवं झाकण उघडा. किनाऱ्याजवळच्या गाड्यांचे स्क्रू खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमात धरून बसतात. साधा स्क्रूड्रायव्हर लावून डोकी उडवू नका. रात्री तेल सोडून ठेवा आणि सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हरला एक ठोका द्या. झाकण निघालं की हाताच्या वायरचा ॲडजस्टर पूर्ण सैल करा. हे आधी करायचं, कारण ताणलेल्या वायरवर आतलं सेटिंग केलं तर ते खोटं असतं. पट्टीवर लॉकनट असलेला स्क्रू आहे. नट सैल करून स्क्रू पुशरॉडला टेकेपर्यंत हाताने आत घ्या, टेकल्याचं बोटाला कळतं. तिथून पाव फेरा मागे घ्या आणि स्क्रू धरून नट आवळा. नट आवळताना स्क्रू हटकून सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा हलवून बघा. किंचित मोकळी खेळली पाहिजे. शेवटी हाताच्या वायरला लिव्हरच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवा आणि वरची चाक फिरवायची तपासणी परत करा.

पाव फेरा ही सुरुवात समजा. कडाडत असेल तर अगदी थोडा आत, घसरत असेल तर थोडा बाहेर. एका वेळी एका फेऱ्याच्या आठव्या भागाहून जास्त हलवू नका.

सेटिंग करूनही दोन दिवसांत गाडी परत घसरू लागली तर प्लेटी बघा. इथे बऱ्याच जणांचा उलटा समज असतो. प्लेटी झिजल्या की मोकळीक वाढते असं वाटतं, पण होतं उलट. प्लेटींचा थर पातळ झाला की प्रेशर प्लेट आत बसते, पुशरॉड पट्टीकडे सरकतो आणि तुम्ही ठेवलेली पाव फेऱ्याची जागा खाऊन टाकतो. म्हणजे झिजलेल्या क्लचला कॅम कायम थोडा दाबून धरतो आणि तो आणखी झिजतो. जुन्या येझदीच्या प्लेटींत बुचाचे तुकडे असतात. ते गुळगुळीत, काळे किंवा धातूच्या बरोबरीला आलेले दिसले तर संच बदलायचा, एक-दोन प्लेटी नाही. सोबत लोखंडी प्लेटी काचेवर ठेवून बघा. वाकडी प्लेट असेल तर क्लच सुटूनही ओढतो आणि गिअर कडाडतोच. पुशरॉडचं टोक ठोकल्यासारखं पसरलेलं असेल तर तोही बदला, कारण पसरलेल्या टोकावर केलेलं सेटिंग टिकत नाही.

तेलाकडे बघा. टू-स्ट्रोक असल्यामुळे या बॉक्समधलं तेल फक्त गिअर, प्रायमरी चेन आणि क्लचचं आहे, इंजिनचं नाही. ‘गिअरबॉक्स आहे ना’ म्हणून काही जण 90 नंबरचं जाड गिअर ऑइल ओततात. ते प्लेटींमध्ये चिकटून राहतं, क्लच सुटल्यावरही प्लेटी एकमेकींना ओढत राहतात, आणि सकाळी पहिला गिअर धाडकन पडतो. एसएई 30 किंवा 40, पातळीच्या स्क्रूपर्यंत, त्यापेक्षा वर नाही. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर प्लेटी चिकटतात. अशा वेळी किक मारण्याआधी क्लच दाबून, गिअरमध्ये टाकून, गाडी दोन-चार वेळा पुढे-मागे हलवा.

आणि सगळ्यात स्वस्त दोष, जो सगळ्यात शेवटी बघितला जातो: दांडा मधल्या जागी पूर्ण परत येतो का? डिचोली-साखळी पट्ट्यातली तांबडी माती पावसात गिअर-किकच्या त्या दुहेरी शाफ्टच्या बुशात जाते आणि उन्हात सुकून बसते. दांडा दोन मिलिमीटर जरी वर किंवा खाली अडकला, तरी कॅम पट्टीला दाबून ठेवतो. बाहेरून काहीच दिसत नाही, चढावर मात्र गाडी ओढत नाही. बुश धुऊन, ग्रीस भरून, आतली परतवणारी स्प्रिंग तपासा. चालवताना दांड्यावर बूट टेकवून ठेवायची सवय असेल तर तिचाही परिणाम हाच. येझदीत पाय टेकवणं म्हणजे क्लच अर्धा दाबून गाडी चालवणं.

चालवायची रीत: थांबलेल्या अवस्थेतून सुटताना हाताचा क्लच लागतोच, पाय तेवढा बारीक सोडता येत नाही. चालू गाडीत रेस बंद, दांडा एका दमात शेवटपर्यंत, आणि सोडताना हळू. लोक दाबताना काळजी घेतात आणि सोडताना पाय झटकन काढतात, मग गाडी झटका मारते आणि दोष गिअरबॉक्सला. पाय सोडणं म्हणजेच हातातला क्लचचा लिव्हर सोडणं. चोर्ला घाट उतरताना चौथ्याचा तिसरा करायचा असेल तर दांडा दाबून धरा, क्लच सुटलेलाच आहे, रेसचा एक छोटा झटका द्या आणि मग पाय सोडा. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेक कमी मिळतो हे लक्षात ठेवून ब्रेकच्या भरवशावरच उतरा. गावात, बाजारात, पहिल्या-दुसऱ्याला मी हातच वापरावा म्हणेन. दुसऱ्यापासून वर पाय.

कबच्या जातीतल्या गाड्या

हाताचा क्लच मुळातच नाही अशी मांडणी 1958च्या होंडा सुपर कबने जगभर नेली. आपल्याकडे हीरो होंडा स्ट्रीट त्याच वाणाची, आणि 2009ची टीव्हीएस जाइव्हही हाताच्या क्लचविनाच आली. इथे क्लचला सोडणारे पुन्हा दोन आहेत, फक्त हाताच्या जागी वेग आला. इंजिन मंद असताना सेंट्रिफ्युगल वजनं आत राहतात, म्हणून गाडी गिअरमध्ये थांबू शकते. रेस दिली की वजनं बाहेर फेकली जातात आणि क्लच धरतो. गिअर बदलताना मात्र येझदीसारखाच पेडलचा शाफ्ट क्लच उचलतो.

होंडाच्या या जातीच्या इंजिनांत सेटिंगची पद्धत नेमकी आहे. झाकणावरचा लॉकनट सैल करा, मधला स्क्रू घड्याळाच्या दिशेने साधारण एक फेरा घ्या. मग उलट्या दिशेने हळू फिरवा, जड लागेपर्यंत. तिथून परत घड्याळाच्या दिशेने एका फेऱ्याचा आठवा भाग, आणि स्क्रू धरून नट आवळा. तक्रार ‘थांबल्यावर पहिला धाडकन पडतो’ अशी असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी आयडलिंग बघा. ते चढं असेल तर वजनं आधीच अर्धी बाहेर असतात आणि सेटिंग कितीही बरोबर असलं तरी धक्का बसणारच. पेडल दाबून ठेवून रेस देणं आणि पाय एकदम सोडणं हा पोरांचा आवडता उद्योग आहे. पुढचं चाक उचलतं, आणि सगळा मार डॉगवर आणि चेनवर येतो.

साध्या बाईकवर, आणि कुठे मुळीच नाही

नेहमीच्या पाच-सहा गिअरच्या बाईकवर वर जाताना क्लच न दाबणं चालतं. दांड्याखाली बूट घालून हलका ताण द्या, रेस क्षणभर सोडा, दांडा आपोआप वर जातो, रेस परत घ्या. पायाने ओढायचं नाही. ताण आधी, रेस नंतर, हा क्रम. उलट केलं तर इंजिन उलटं ओढू लागतं, डॉगच्या दुसऱ्या बाजूवर दाब येतो आणि गिअर पुन्हा अडकतो. चुकलेला प्रत्येक गिअर खुंटांच्या कडा गोल करतो. पुरेशा गोल झाल्या की जोर दिल्यावर गिअर स्वतःहून निसटतो, आणि मग इंजिन उघडल्याशिवाय इलाज नसतो. खाली उतरताना क्लच दाबाच. ओल्या रस्त्यावर न जुळलेला खालचा गिअर म्हणजे मागचं चाक क्षणभर जाम, आणि जूनमध्ये पहिल्या पावसात रस्त्यावर तेल वर आलेलं असताना तो क्षण पुरेसा असतो.

जुनी चार गिअरची बुलेट या खेळात ओढू नका. जड फ्लायव्हीलमुळे तिचे आरपीएम सावकाश उतरतात, आणि गिअरमधली अंतरं मोठी. खुंट जुळेपर्यंत थांबण्याइतका धीर असेल तर गिअर पडतो, पण मग क्लच दाबायला तेवढाच वेळ लागला असता. त्या बॉक्सवर टाचेने दाबायचा न्यूट्रल फाइंडर आहे. तो पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून थेट न्यूट्रलमध्ये आणतो, पण क्लच दाबूनच. क्लच न दाबता टाच मारणाऱ्यांच्या गाड्या गॅरेजवाल्याला आवडतात.

चेतक-वेस्पाच्या हँडलच्या गिअरवर तर अजिबात नाही. तिथे डॉग नाहीत, चार पायांचा एक क्रॉस चाकांच्या आत सरकतो. त्याच्या कडा लवकर झिजतात आणि दुसरा गिअर सुटायला लागतो.

क्विकशिफ्टर

आता आर15. हे यंत्र क्लचला हात लावत नाही. दांड्याच्या रॉडमधला सेन्सर पायाचा जोर ओळखतो आणि इंजिनची ठिणगी किंवा पेट्रोल काही मिलिसेकंद तोडतो. तेवढ्यात डॉग मोकळे होतात. रेस सोडायचीच नाही.

किती मिलिसेकंद, हे पकडायला एक हिशेब पुरतो. एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पेटतं. 8000 आरपीएमला दोन पेटण्यांत 15 मिलिसेकंद, 4000ला 30. म्हणजे 60 मिलिसेकंदांच्या कटमध्ये वर चार पेटणी चुकतात, खाली फक्त दोन. कमी आरपीएमवर कटची धार बोथट होते आणि वेळेचा नेम चुकतो. गावातल्या वेगात क्विकशिफ्टर झटके का मारतो याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, सेन्सर खराब नसतो. अर्ध्याहून जास्त रेस आणि मधल्या आरपीएमच्या वर, तिथे तो शोभतो.

बसवण्याआधी गाडीचा दांडा बघा. सेन्सर बसायला दांडा आणि गिअर शाफ्ट यांच्यामध्ये जोडणारा रॉड हवा. आर15ला तो आहे. बऱ्याच साध्या बाईकमध्ये दांडा थेट शाफ्टच्या दात्यांवर बसतो, तिथे विषय संपला. रॉड काढण्याआधी दोन्ही सांध्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. सेन्सर घातल्यावर रॉड लांब होतो, म्हणून रॉड कापून तेच अंतर परत आणायचं. दांड्याचा हात आणि रॉड मधल्या जागी काटकोनात असावेत. कोन बिघडला तर वर जाताना आणि खाली येताना वेगवेगळा जोर लागतो आणि सेन्सर एका बाजूला बहिरा होतो. सांध्याला खेळ असेल तर तो आधी बदला, कारण पायाचा पहिला जोर त्या खेळातच जिरतो. रॉडच्या दोन टोकांपैकी एकाचे आटे उलटे असतात, म्हणून सेन्सर घेताना आट्याचा माप आणि दिशा दोन्ही विचारा. गिअर बदलताना रॉड ओढला जातो की ढकलला जातो हेही आधी बघा, मोड्यूलमध्ये, म्हणजे सेन्सर ऐकून इंजिन तोडणाऱ्या डबीत, ती दिशा सांगावी लागते.

वायरिंगमध्ये दोन मार्ग आहेत. ठिणगी तोडली तर परिणाम लगेच, पण न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन फटाके वाजतात आणि ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला सोसत नाही. इंजेक्टर तोडला तर एक्झॉस्ट शांत, पण आत पोचलेलं पेट्रोल जळून जाईपर्यंत कट थोडा उशिरा लागतो. रस्त्याच्या गाडीला मी इंजेक्टरच तोडेन आणि वेळ थोडी जास्त देईन. सुरुवात 75 मिलिसेकंदांपासून. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्यात बघायचं आणि पाच-पाचने उतरवायचं. गिअर अडखळला की एक पायरी मागे येऊन थांबायचं. मोड्यूल गिअरप्रमाणे वेगळी वेळ देत असेल तर खालच्या गिअरना जास्त, वरच्यांना कमी. स्टँडवर चाक हवेत फिरवून ही वेळ ठरत नाही, डॉगवर खरा जोर येतच नाही. सेन्सरची वायर प्लगच्या वायरपासून आणि सायलेन्सरपासून लांब न्या, जोडाला डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा आणि जोड खाली तोंड करून बांधा. किनाऱ्याच्या गाड्यांत पहिल्या पावसाळ्यानंतरची अर्धी दुखणी जोडातल्या हिरव्या गंजाची असतात.

सरळ रस्त्यावर गाडी मधूनच मिसफायर मारते, अशी तक्रार नंतर आली तर आधी चालवणाऱ्याचा बूट कुठे टेकतो ते बघा. सेन्सर फार हलक्या जोरावर सेट असेल तर खड्ड्यातला धक्काही त्याला गिअर वाटतो. उलट जोर फार ठेवला तर कट लागेपर्यंत डॉग पायाखाली दाबले जातात आणि फोर्क वाकतो. पाचव्या-सहाव्यात मध्येच मोकळं जाणवत असेल तर पाय लवकर सोडला जातोय. दांडा शेवटच्या टेकणीपर्यंत न्यायचा, झटका नव्हे, ठाम एक उचल.

खाली उतरतानाही क्लच नको असेल तर रेसचा झटका गाडीनेच द्यावा लागतो, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल, म्हणजे वायरऐवजी मोटरने उघडणारी रेस, हवा. केटीएम 390 ड्यूकसारख्या गाड्यांत तो आहे म्हणून दोन्ही दिशा जमतात. 2021च्या आर15 व्ही4च्या कारखान्यातून आलेल्या क्विकशिफ्टरलासुद्धा फक्त वर जाणं येतं. व्ही3वर बाहेरचं मोड्यूल यापेक्षा जास्त काही देणार नाही, कुणी दोन्ही दिशांचं आश्वासन देत असेल तर खिसा सांभाळा.

माझं मत विचाराल तर व्ही3ला तो लावू नका. तिच्यात मुळातच असिस्ट-स्लिपर क्लच आहे. लिव्हर हलका, खाली उतरताना चाक जाम होत नाही. साखळी-म्हापसा रस्त्यावर बस, गुरं आणि वळणं यांतून क्विकशिफ्टरला हवी तशी रेस दिवसातून किती वेळा मिळते, हे स्वतःच बघा. त्या पैशात चेनसेट, नवी क्लच वायर आणि जासो एमए2 दर्जाचं (तेलात बुडालेल्या क्लचला चालणारं) इंजिन ऑइल घ्या, गिअर जास्त गुळगुळीत पडेल.

आजच्या महागड्या गाड्या

फार खोलात जायचं कारण नाही, पण फरक कळावा म्हणून. क्लच-गिअरचं झंझट टाळायची धडपड जुनीच आहे. 1911च्या रज मल्टीमध्ये पट्ट्याची पुली लहान-मोठी करून वेग बदलायचा, आणि त्याच गाडीने 1914ची सीनियर टीटी शर्यत जिंकली. 1976च्या होंडा सीबी750एमध्ये क्लचऐवजी तेलातून ओढ पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर होता. 2010च्या व्हीएफआर1200एफपासून होंडाने मोटरसायकलवर दोन क्लच आणले: विषम गिअर एका क्लचवर, सम दुसऱ्यावर, पुढचा गिअर आधीच अडकवून ठेवलेला. एक सोडत असताना दुसरा धरतो, त्यामुळे ओढ तुटतच नाही. 2024ला सीबी650आर आणि सीबीआर650आरवर आलेला ई-क्लच वेगळा. तिथे गिअर पायानेच टाकायचा, क्लच मोटरी सांभाळतात आणि लिव्हर जागेवर असतो. त्याच वर्षीच्या यामाहाच्या वाय-एएमटीमध्ये लिव्हरही नाही आणि पेडलही नाही, बटणांनी गिअर.

गोव्यात दुहेरी क्लचची गाडी घेऊन फिरणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. साधी बाईक आपण फेरीबोटीवर पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करतो. आफ्रिका ट्विनसारखी दुहेरी क्लचची गाडी चावी बंद केली की न्यूट्रलमध्ये जाते. फेरीच्या उतारावर साइड स्टँडवर ती पुढे घसरू शकते, म्हणून तिला वेगळा पार्किंग ब्रेक दिलेला आहे. तो ओढल्याशिवाय गाडीवरून उतरू नका. ई-क्लचवाल्या गाडीत चावी बंद असताना क्लच धरलेलाच असतो, तिथे पहिला गिअर पुरतो.

येझदीकडे परत यायचं तर झाकण उघडण्याआधी दांड्याचा बुश आणि तेल, एवढ्या दोन गोष्टी आधी करा. त्यानंतर चाक फिरवायची तपासणी. त्यात क्लच बरोबर सुटून बरोबर बसत असेल, तर स्क्रूला हात लावू नका. चढावर तरीही घसरली तर सरळ प्लेटी मागवा.